युरियाप्लाझ्मा 'डिटेक्टेड' आलं, म्हणजे नेमकं काय आलं?

प्रश्न थोडक्यात असा. निपाणीच्या बाजूच्या एका गावातल्या ताई, वय 27, लग्नाला चार वर्षं झालेली. पाळी 28 दिवसांची, घड्याळासारखी. मूल नाही. अंगावरून पांढरं जातं आणि अधूनमधून लघवीला जळजळ होते म्हणून कोल्हापूरला दाखवलं. तिथं सात-आठ जंतूंचं पीसीआर पॅनेल झालं, म्हणजे एकाच नमुन्यात अनेक जंतूंची जनुकं शोधणारी तपासणी. क्लॅमिडिया, गनोरिया, ट्रायकोमोनास हे संबंधांतून होणारे ओळखीचे संसर्ग सगळे निगेटिव्ह. फक्त 'युरियाप्लाझ्मा पार्व्हम' या जंतूसमोर लाल अक्षरात 'डिटेक्टेड'. मग आधी अझिथ्रोमायसिन, नंतर डॉक्सिसायक्लिन, त्यानंतर लिव्होफ्लॉक्सासिन, असे तीन कोर्स झाले. तरी रिपोर्ट पुन्हा तोच, आणि आता खाज वाढलीय. मालक गोव्यात कामाला, पंधरवड्यानं शनिवार-रविवार घरी येतात. 'लैंगिक संबंधातून पसरणारा जंतू' असं मोबाइलवर वाचल्यापासून नवरा-बायकोत बोलणं जेवढ्यास तेवढं. ताई विचारतात: हे कुणी आणलं, जात का नाही, आणि यामुळंच दिवस जात नाहीत का?

ताई, आधी उत्तर सांगते, मग कारणं. कुणी आणलं हे जगातली कुठलीही लॅब सांगू शकत नाही. जात नाही याचं वाईट वाटून घेऊ नका, तुमच्या बाबतीत तो घालवायलाच हवा होता असं मला वाटत नाही. दिवस न जाण्याचं खापर त्याच्यावर फोडण्याइतका पुरावा नाही. आणि आत्ताची खाज बहुधा जंतूची नाही, औषधांची आहे.

हा जंतू फार लहान. स्वतंत्रपणे जगू शकणाऱ्या सगळ्यांत लहान जिवांमध्ये त्याची गणना होते. आपल्या आतड्यातल्या ई. कोलायची जनुकीय लिपी साधारण 46 लाख अक्षरांची. या पार्व्हमची जेमतेम साडेसात लाखांची. 1954 साली मॉरिस शेपर्ड नावाच्या अमेरिकन संशोधकानं तो पहिल्यांदा वाढवून दाखवला. लघवीतला युरिया फोडायचा आणि त्यातून मिळणाऱ्या शक्तीवर जगायचं, हा त्याचा संसार. इतर जंतूंना असते तशी भिंत याच्या पेशीला नाही. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, सेफिक्झिम ही औषधं जंतूची भिंतच बांधू देत नाहीत. जिथं भिंतच नाही तिथं ती काय करणार? म्हणून मेडिकलमधून 'इन्फेक्शनची गोळी' म्हणून आणलेलं सेफिक्झिम याच्यावर शून्य काम करतं. नेहमीच्या लघवीच्या कल्चरमध्ये हा वाढत नाही आणि नेहमीच्या स्लाइडवर रंगही धरत नाही. पूर्वी तो सापडतच नव्हता, त्यामुळं कुणाची झोपही उडत नव्हती. पीसीआर स्वस्त झालं, एका पट्टीत आठ जंतू तपासता यायला लागले, आणि आमच्या ओपीडीत लाल अक्षरांचे कागद घेऊन रडवेल्या बायका यायला लागल्या.

आता आकडा ऐका. लैंगिक संबंध असलेल्या, काहीही त्रास नसलेल्या बायकांची तपासणी केली तर 40 ते 80 टक्के जणींच्या योनिमार्गात किंवा गर्भाशयमुखाशी युरियाप्लाझ्मा सापडतो. पुरुषांत प्रमाण कमी, पण तिथंही दुर्मीळ नाही. ज्या गोष्टीचा पत्ता निम्म्या निरोगी बायकांत लागतो, ती सापडली म्हणजे आजार सापडला असं म्हणता येत नाही. तुमच्या गल्लीतल्या सगळ्या विवाहित बायकांचं हेच पॅनेल केलं, तर कितीतरी घरांत अबोला सुरू होईल.

म्हणूनच 2018 साली युरोपातल्या गुप्तरोगतज्ज्ञांनी एकत्र बसून लिहून ठेवलं की पार्व्हम, युरियालिटिकम आणि त्यांचा भाऊबंद मायकोप्लाझ्मा होमिनिस यांची सरसकट तपासणी करू नका. त्रास नसलेल्यांची नको आणि त्रास असलेल्यांचीही नको. अमेरिकेच्या सीडीसीच्या, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण केंद्राच्या, 2021च्या मार्गदर्शक सूचनाही सरसकट तपासणीच्या बाजूच्या नाहीत. यात एक बारीक मेख आहे. युरियाप्लाझ्माच्या दोन जाती. त्यातली युरियालिटिकम जास्त संख्येनं असेल तर काही पुरुषांच्या मूत्रनलिकेला सूज आणू शकते, असं बऱ्यापैकी मानलं जातं. पार्व्हमवर तोही आरोप नीट सिद्ध होत नाही. तुमच्या कागदावर पार्व्हम आहे. रिपोर्टमध्ये दोन्हींत फरक केलेला असतो, पण चिठ्ठी लिहिताना दोन्ही जातींसाठी एकच गोळी लिहिली जाते.

आता 'कुणी आणलं'. हा प्रश्न मी रोज ऐकते, कधी सासूच्या तोंडून तर कधी दारात थांबलेल्या नवऱ्याच्या. हा जंतू मुख्यतः संबंधातून एकाकडून दुसऱ्याकडं जातो, हे खरं आहे, ते मी झाकणार नाही. बाळंतपणात आईकडून मुलीकडंही जातो. काही नवजात मुलींत तो सापडतो आणि बहुतेकींत पुढं नाहीसा होतो. पण एकदा वस्तीला आला की काही त्रास न देता महिनोन् महिने, वर्षानुवर्षं राहू शकतो. आज सापडला म्हणजे काल आला असं नाही. लग्नाआधीचा असेल, लग्नानंतरचा असेल, तुमचा असेल, त्यांचा असेल. रिपोर्टवर तारीख असते ती तपासणीची, जंतूच्या आगमनाची नव्हे. गोव्यातल्या नोकरीचा आणि या कागदाचा संबंध जोडणं म्हणजे साक्षीपुराव्याशिवाय निकाल देणं. क्लॅमिडिया किंवा गनोरिया आला असता तर मी वेगळं बोलले असते. तिथं दोघांची तपासणी, दोघांचा उपचार, आणि मोकळेपणानं विचारपूस हे सगळं लागतं. इथं तशी परिस्थिती नाही. आणि हो, सार्वजनिक संडास, दुसऱ्याचा टॉवेल, अंगातली कडकी यातलं काहीही याला जबाबदार नाही. कडकीसाठी धने-जिऱ्याचं पाणी प्या, बरं वाटतं. जंतूचा त्याच्याशी संबंध नाही.

मग पांढरं का जातं? खरी तपासणी इथं व्हायला हवी होती, आणि ती हजारो रुपयांची नाही. आत बघायचं उपकरण लावून स्राव कसा दिसतो ते पाहायचं: पातळ, राखाडी की दह्याच्या कवड्यांसारखा. पीएचच्या कागदाचा तुकडा योनीच्या भिंतीला टेकवायचा. निरोगी योनीत पीएच साधारण 3.8 ते 4.5 असतो. कागदाचा रंग त्याच्या वर गेला तर संशय बॅक्टेरियल व्हजायनोसिसचा (योनीतल्या जंतूंचा तोल बिघडण्याचा) किंवा ट्रायकोमोनासचा. मग काचपट्टीवर दोन थेंब: एकात सलाईन, दुसऱ्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइड. दुसऱ्या थेंबातून शिळ्या मासळीसारखा वास आला तर व्हजायनोसिसकडं बोट जातं. तीच काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली की बुरशीचे धागे, वळवळणारा ट्रायकोमोनास, किंवा जंतूंनी कडा झाकलेल्या पेशी दिसतात. हे सगळं दहा-पंधरा मिनिटांत, त्याच खोलीत होतं. पॅनेलमध्ये नुसता जंतू आहे की नाही ते कळतं. इथं आजार आहे की नाही ते कळतं. पण पॅनेलचा नमुना द्यायला तपासणीच्या टेबलावर चढण्यापेक्षा लाज कमी वाटते, आणि डॉक्टरांनाही बाहेर तीस पेशंट बसलेले असतात, म्हणून सोपी वाट धरली जाते. माझ्याच व्यवसायाबद्दल बोलतेय, म्हणून स्पष्ट बोलते.

तुमच्या खाजेबद्दल न बघता शंभर टक्के सांगता येत नाही. पण तीन अँटिबायोटिक पाठोपाठ घेतले की योनीत पहारा देणारे चांगले लॅक्टोबॅसिलस मरतात आणि बुरशीचं फावतं. खाज, लालसरपणा, दह्यासारखं पांढरं, आणि लघवी बाहेरच्या सोललेल्या कातडीला लागली की चुरचुर. ही शेवटची गोष्ट नीट आठवून बघा. जळजळ आतून, लघवी होत असताना होते, की बाहेर कातडीला लागल्यावर? आतून असेल तर लघवीची तपासणी हवी. बाहेरून असेल तर बहुतेक बुरशी, किंवा जंतुनाशक पाण्यानं आणि तुरटीनं धुऊन धुऊन केलेली दुर्दशा. बुरशी असेल तर फ्लुकोनाझोल 150 मिलिग्रॅमची एक गोळी किंवा क्लोट्रिमाझोलच्या आत ठेवायच्या गोळ्या यांनी काम होतं. दिवस गेल्याची शंका असेल तर फ्लुकोनाझोल नको, आत ठेवायच्या गोळ्याच. व्हजायनोसिस निघाला तर मेट्रोनिडाझोल 400 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस. तो वारंवार उलटत असेल तर मालकांनाही औषध द्यायचा विचार करता येतो. 2025 साली ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत जोडीदाराला औषध दिल्यावर तो उलटण्याचं प्रमाण बरंच खाली आलं.

आणि काहीच निघालं नाही तर? तर पांढरं जाणं हे नेहमीचं असू शकतं. दोन पाळ्यांच्या मध्यावर दोन-चार दिवस अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं, तार धरणारं जातं, ते बीज सुटण्याचं लक्षण आहे, आजाराचं नाही. पांढरं गेलं की हाडं झिजतात, ही समजूत आमच्या भागात घट्ट बसलेली आहे. कंबर दुखते ती बहुतेकदा दिवसभर वाकून तंबाखूचं आणि शेतातलं काम केलं म्हणून. हाडांतलं काही योनीतून वाहून जात नाही.

जळजळीबद्दल एक गंभीर गोष्ट मध्येच सांगून टाकते, कारण ती सुटते. 'उन्हाळी लागलीय' म्हणून महिनोन् महिने अंगावर काढणाऱ्या बायका मी पाहते. लघवीत पू-पेशी आहेत आणि कल्चरमध्ये मात्र काहीच वाढत नाही, असं पुन्हा पुन्हा येत असेल तर आपल्या देशात मूत्रमार्गाचा क्षयरोग आधी डोक्यात यायला हवा. तिथं 'युरियाप्लाझ्मा असेल' म्हणून लिव्होफ्लॉक्सासिन देत राहणं धोक्याचं, कारण ते औषध क्षयरोगाला अर्धवट दाबतं आणि निदान लांबवतं.

मग याला औषध कधीच द्यायचं नाही का? द्यायचं असतं. पुरुषाला मूत्रनलिकेतून स्राव, जळजळ, स्लाइडवर पू-पेशी. क्लॅमिडिया, गनोरिया, मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम आणि ट्रायकोमोनास तपासून बाजूला काढलेले. आणि युरियालिटिकम भरपूर संख्येनं, तर डॉक्सिसायक्लिन 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सात दिवस, हे रास्त आहे. ज्यांची प्रतिकारशक्ती फार खालावली आहे त्यांच्या सांध्यांत हा जाऊन बसू शकतो. फुप्फुस प्रत्यारोपण झालेल्यांत तर रक्तातला अमोनिया जिवावर बेतेल इतका वाढवतो. ती दुनिया वेगळी.

डॉक्सिसायक्लिन घ्यायची कुणावर वेळ आलीच तर दोन गोष्टी चिठ्ठीवर क्वचितच लिहिलेल्या असतात. एक, गोळी मोठा ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही. झोपताना घोटभर पाण्याबरोबर गिळली तर अन्ननलिकेला चिकटून व्रण पडतो. दुसरी, आशाताई देतात त्या लोहाच्या गोळ्या आणि दूध तिच्याबरोबर नको. लोह तिला पोटातच बांधून टाकतं, रक्तात काही पोचत नाही. दोन्हींत दोन-तीन तासांचं अंतर ठेवायचं. गरोदर असाल तर ही गोळी घ्यायचीच नाही.

तीन कोर्सनंतरही पॉझिटिव्ह का, याची कारणं साधी. लवकर पुन्हा तपासलं तर पीसीआर मेलेल्या जंतूचे तुकडेही मोजतं. जोडीदाराकडं असेल तर परत येतो. काही वाणांना औषध लागू पडत नाही. पण मूळ मुद्दा असा की त्रास नसताना 'गेला का' हे बघायला परत तपासणी करायचीच नसते. ती केली की चौथा कोर्स ठरलेला. अझिथ्रोमायसिन असं उधळल्यानं गनोरिया आणि मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम त्याला सरावलेत, आणि उद्या ज्याला खरंच गरज आहे त्याच्यासाठी हाताशी औषध उरत नाही. लिव्होफ्लॉक्सासिननं टाचेमागची शीर (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) दुखावण्याचा धोका वेगळाच. घोटा-टाच दुखायला लागली असेल तर डॉक्टरांना सांगा.

आता मुलाचा प्रश्न. गर्भनलिका, म्हणजे नळ्या, बंद पाडणारे जंतू ओळखीचे आहेत: क्लॅमिडिया, गनोरिया, आणि आपल्याकडं क्षयरोग. युरियाप्लाझ्मावर संशय अनेकदा घेतला गेला, पण तो मूल नसलेल्यांत जसा सापडतो तसाच मूल असलेल्यांतही. तो घालवल्यानं दिवस राहण्याची शक्यता वाढते असं ठामपणे सांगण्यासारखं काही हाती नाही. गरोदरपणात त्याचा आणि वेळेआधी प्रसूतीचा संबंध दिसतो, विशेषतः तो वर चढून गर्भपिशवीच्या आवरणापर्यंत पोचला तर. फार अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या फुप्फुसांच्या आजारातही त्याचं नाव येतं. पण तब्येतीनं ठीक असलेल्या गरोदर बाईच्या योनीत तो सापडला म्हणून औषध दिल्यानं ते टळतं, असा भक्कम पुरावा नाही.

तुमच्या पत्रातली मला खटकलेली ओळ जंतूची नाही. पाळी 28 दिवसांची आणि मालक पंधरवड्यानं येतात, ही आहे. दिवस राहायचे तर संबंध बीज सुटण्याच्या आधीचे पाच दिवस आणि सुटण्याचा दिवस, एवढ्या खिडकीतच यावे लागतात. 28 दिवसांच्या पाळीत, पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून, हे साधारण नवव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत. आता हिशेब करा. मालकांची फेरी 14 दिवसांची, पाळी बरोबर तिच्या दुप्पट. एका महिन्यात ते चौथ्या-पाचव्या आणि अठराव्या-एकोणिसाव्या दिवशी आले, तर पुढच्या महिन्यातही त्याच दिवशी येणार, त्याच्या पुढंही. पाळी एखादा दिवस मागं-पुढं झाली तरी दोघांच्या वाटा फारशा जुळत नाहीत. कागदावर लग्नाला चार वर्षं झाली असली तरी प्रत्यक्ष संधी मिळालेले महिने फार थोडे असू शकतात. गोवा, पुणे, बेंगळुरूला माणसं पोटापाण्यासाठी गेलेल्या आमच्या निपाणी-चिकोडी-खानापूर पट्ट्यात वंध्यत्वाच्या फायलींमध्ये हे दुखणं कितीदा तरी निघतं, आणि ते कुठल्याही पीसीआरमध्ये 'डिटेक्ट' होत नाही.

तेव्हा मी सुचवते ते असं. पॅनेल परत करू नका, चौथं अँटिबायोटिक घेऊ नका. बायकांच्या डॉक्टरांकडं (स्त्रीरोगतज्ज्ञांकडं) जाऊन वर सांगितलेली साधी तपासणी करून घ्या. खासगीत परवडत नसेल तर बेळगावच्या सिव्हिलमध्ये, म्हणजे बिम्सच्या जिल्हा रुग्णालयात जा. सरकारी जिल्हा रुग्णालयांत लैंगिक आजारांसाठी सुरक्षा क्लिनिक असतं, तिथं तपासणी, औषध, समुपदेशन मोफत. फलक कन्नडमध्ये असला म्हणून बिचकू नका, मराठीत बोललेलं समजतं. जायच्या आधी फोनवर विचारायचं असेल तर 1097 हा एड्स नियंत्रणाच्या सरकारी हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे. एचआयव्ही आणि सिफिलिसची रक्ततपासणी राहिली असेल तर दोघांनी करून घ्या, संशयानं नव्हे. मूल हवं असलेल्या प्रत्येक जोडप्याला मी हे सांगते. खालच्या ओटीपोटात दुखून ताप आला, संबंधांनंतर रक्त गेलं किंवा पाळी चुकल्यावर एका बाजूला कळ आली, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

मालकांची वीर्यतपासणी आधी, तुमच्या नळ्यांची तपासणी नंतर. आमच्याकडं क्रम उलटा असतो, बाईला सगळं टोचून-कापून झाल्यावर पुरुषाची आठवण होते. वीर्यतपासणी गोव्यातही होते, आधी दोन ते सात दिवस वीर्य बाहेर पडू न देता.

आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून मागच्या सहा पाळ्यांचे पहिले दिवस लाल पेननं आणि मालक घरी होते ते दिवस निळ्या पेननं खुणा करा. निळ्या खुणा नवव्या ते चौदाव्या दिवसांत पडत नसतील तर पुढच्या तीन-चार महिन्यांत सुट्टी आठवडाभर पुढं-मागं घ्यायला सांगा, किंवा त्या दिवसांत तुम्हीच गोव्याला जा. बेळगावहून गोव्याची बस दिवसाही असते.